मॉलमधील विक्रीवाढ: प्रांताप्रांतांतला फरक खरा किती आणि पंचांगाचा किती?

खतावणी (ठाणे)

तयार कपड्यांच्या एका साखळी दुकानाच्या हिशेब विभागात मी गेली अकरा वर्षे काम करतो. आमची जवळजवळ सर्व दुकाने मॉलमध्ये आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला पश्चिम, उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे चार रकाने भरून, मागील वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत विक्री किती टक्क्यांनी वाढली हे वरच्या मंडळींना कळवणे, हे माझे काम आहे. रिटेलर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही किरकोळ व्यापाराचे आकडे याच चार विभागांत प्रसिद्ध करते, त्यामुळे आमच्या बैठकीत तो तक्ता आणि आमचा तक्ता शेजारी ठेवले जातात. मग एखाद्या महिन्यात पश्चिमेचा आकडा मागे दिसला की, महाराष्ट्रातला ग्राहक थंडावला, असा निष्कर्ष पाच मिनिटांत निघतो आणि इथल्या दुकानांचा जाहिरातखर्च कापला जातो.

माझी शंका अशी आहे की या फरकाचा मोठा भाग ग्राहकाच्या खिशातून आलेला नसून भिंतीवरच्या पंचांगातून आलेला आहे. २०२२ आणि २०२३ चे ऑक्टोबर शेजारी ठेवून पाहा. २०२२ मध्ये पितृपक्ष २५ सप्टेंबरला संपला, दसरा ५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला आले. म्हणजे सणांची सगळी खरेदी त्या एका महिन्याच्या पोटात गेली. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, सगळे सण पुढे सरकले, १४ ऑक्टोबरपर्यंत पितृपक्षच चालू राहिला, दसरा २४ ऑक्टोबरला झाला आणि लक्ष्मीपूजन थेट १२ नोव्हेंबरला गेले. अशा स्थितीत मुंबई-पुण्याचा ऑक्टोबर घटणार आणि नोव्हेंबर फुगणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आता गंमत पाहा. कोलकात्यात दुर्गापूजेची अष्टमी २०२२ मध्ये ३ ऑक्टोबरला होती, त्यामुळे पूजेची खरेदी सप्टेंबरमध्येच उरकली होती. २०२३ मध्ये अष्टमी २२ ऑक्टोबरला आली आणि खरेदीचा मोठा हिस्सा ऑक्टोबरमध्ये उतरला. एकाच अधिक महिन्याने पश्चिमेचा ऑक्टोबर पाडला आणि पूर्वेचा चढवला, आणि आम्ही मात्र त्या दोन आकड्यांतील अंतराला प्रादेशिक मागणीतील तफावत असे भारदस्त नाव देऊन मोकळे झालो.

हे पंचांग बाजूला काढल्यावर काय उरते, हा माझा प्रश्न आहे. निरनिराळ्या शहरांत राहणाऱ्या सभासदांनी आपला अनुभव सांगावा.

वेंबनाड (कोची)

लग्नानंतर गेली सोळा वर्षे मी कोचीत आहे आणि त्यांतील सात वर्षे एका मॉलच्या व्यवस्थापनात काढली आहेत, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

केरळचे पंचांग सौर आहे, त्यामुळे अधिक महिन्याचा धक्का आम्हांला बसत नाही. मात्र तिरुओणम हे चिंगम महिन्यातील नक्षत्रावर ठरत असल्याने तोही ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कुठेही येतो. २०२२ मध्ये ओणम ८ सप्टेंबरला होता, २०२३ मध्ये २९ ऑगस्टला आणि २०२४ मध्ये १५ सप्टेंबरला. म्हणजे लागोपाठ तीन वर्षांत केरळचा ऑगस्ट एकदा अर्धा भरलेला, एकदा काठोकाठ आणि एकदा बराचसा रिकामा, असा दिसतो. त्याआधीचा कर्किडकम महिना मंदीचा मानला जातो, त्यामुळे चढउतार आणखी ठळक होतात. मे ते ऑगस्ट या काळात आखाती देशांतून सुट्टीवर येणारी कुटुंबे वेगळीच. त्यांच्या येण्याच्या तारखा तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांवर ठरतात, आपल्या कोणत्याही सणावर नव्हेत.

परंतु पंचांगापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे मॉलच्या आत काय विकले जाते. एडापल्लीचा लुलू मॉल २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याचा कणा पहिल्या दिवसापासून हायपरमार्केट हा राहिला. मासळी, भाजी, तांदूळ, नारळाचे तेल या वस्तूंसाठी लोक दर आठवड्याला तेथे येतात, आणि २०१७ मध्ये मेट्रो सुरू होऊन एडापल्लीचे स्थानक मॉलला जोडले गेल्यापासून गाडी नसलेले ग्राहकही येऊ लागले. महाराष्ट्रात मध्यमवर्गाचा वाणसामान भरण्याचा कल डीमार्टकडे आहे, आणि डीमार्टची दुकाने सहसा मॉलच्या बाहेर, कंपनीच्या मालकीच्या जागेत असतात. साहजिकच महाराष्ट्रातल्या कुटुंबाचा महिन्याचा किराणा मॉलच्या विक्रीत धरलाच जात नाही, आणि कोचीतल्या कुटुंबाचा धरला जातो. किराणा हा मंदीतही फारसा घटत नाही आणि महागाईबरोबर आपोआप वाढतो. ज्या मॉलच्या विक्रीत किराण्याचा वाटा मोठा, त्याचा आलेख शांत दिसणार. ज्याची विक्री कपडे, पादत्राणे आणि सिनेमा यांवर उभी आहे, त्याचा आलेख झोपाळ्यासारखा हलणार. यात दक्षिणेच्या ग्राहकाची काही विशेष कर्तबगारी नाही.

गाळा क्रमांक सात

मी ठाण्याच्या एका मॉलमध्ये चांदीच्या व भेटवस्तूंच्या दुकानाचा चालक आहे. खतावणी यांनी अधिक महिन्यामुळे सण पुढे सरकतात एवढेच सांगितले. धोंड्याच्या महिन्याची स्वतःची खरेदी ते विसरले. १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३ या काळात जावयांना वाण देण्यासाठी चांदीचे दिवे आणि ताटे आमच्याकडून इतकी गेली की पुढच्या वर्षीच्या जुलैचा आकडा पाहून मॉलच्या व्यवस्थापकाने, तुमच्या दुकानाला काय झाले, असे काळजीने विचारले. काहीच झाले नव्हते, जावई रिकाम्या हाताने घरी बसले होते, इतकेच. पुढचा अधिक महिना ज्येष्ठ आहे आणि तो १७ मे २०२६ पासून लागतो. तो लक्षात ठेवूनच मी मालाची मागणी नोंदवतो. कोणत्याही प्रादेशिक अहवालापेक्षा तो जास्त भरवशाचा आहे.

हावड्याचा पूल (कोलकाता)

खतावणी यांचे निरीक्षण बरोबर आहे, मात्र त्यात एक दुरुस्ती सुचवतो. पूजेची खरेदी येथे पाच-सहा आठवडे आधीपासून सुरू होते, त्यामुळे २०२३ मध्येही सप्टेंबर अगदीच कोरडा गेला नव्हता. खरेदीचा हंगाम लांबट असल्यामुळे पूर्वेचा आलेख पश्चिमेच्या दिवाळीसारखा टोकदार नसतो.

खरा फरक वेगळ्याच जागी आहे. पितृपक्षाचे जे पंधरा दिवस महाराष्ट्रात आणि उत्तरेत नवी वस्तू घ्यायची नाही म्हणून ओस पडतात, तेच पंधरा दिवस बंगालमध्ये वर्षातल्या सर्वांत तेजीच्या खरेदीचे असतात, कारण महालया, म्हणजे पितृपक्षाची शेवटची अमावास्या, संपताच देवी येते आणि तोपर्यंत घरातल्या प्रत्येकाचे नवे कपडे तयार असावे लागतात. मी पुण्याहून येथे आलो तेव्हा पितृपक्षात मॉलच्या वाहनतळावर जागा मिळत नाही हे पाहून चक्रावलो होतो. दोन प्रांतांचे एकाच पंधरवड्यातले वर्तन इतके विरुद्ध असताना त्यांची महिन्याची टक्केवारी एका तक्त्यात मांडून तुलना करणे मुळातच धाडसाचे आहे. शिवाय बंगाली वर्षाच्या अखेरीस, मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, येथे चैत्र सेल असतो. गडियाहाटच्या पदपथांवर तो जोरात असतोच, पण मॉलनाही त्यात उतरावे लागते. आणि आर्थिक वर्ष नेमके त्याच्या मध्यावर तुटते.

पिंपळे सौदागर

आतापर्यंतची चर्चा रंजक आहे, पण सगळा दोष पंचांगावर ढकलून चालणार नाही. वर्षाचे आकडे घेतले तर सण कुठल्या महिन्यात आले याने विशेष फरक पडत नाही, आणि तरीही प्रांतांमध्ये अंतर दिसतेच. त्याचे मुख्य कारण नवी जागा हे आहे.

फिनिक्स मिल्स या कंपनीचे उदाहरण घ्या, कारण तिचे आकडे जाहीर असतात. तिच्या सर्व मॉलमधील मिळून विक्री २०२२-२३ मध्ये सुमारे ९,२०० कोटी रुपये होती आणि २०२३-२४ मध्ये ती सुमारे ११,३०० कोटींवर गेली. वाढ वीस टक्क्यांहून अधिक दिसते. मात्र याच सुमारास कंपनीचे चार मोठे मॉल सुरू झाले: इंदूर डिसेंबर २०२२ मध्ये, अहमदाबाद फेब्रुवारी २०२३ मध्ये, आमच्या शेजारचे वाकड सप्टेंबर २०२३ मध्ये आणि बेंगळुरूचे हेब्बाळ ऑक्टोबर २०२३ मध्ये. जुन्या मॉलची स्वतःची वाढ यापेक्षा बरीच कमी होती. धंद्यात याला लाइक टू लाइक म्हणतात. म्हणजे जी दुकाने दोन्ही वर्षे चालू होती, तेवढ्यांचीच तुलना. हा खुलासा न करता एखादा प्रांत वेगाने वाढतो आहे असे म्हणणे म्हणजे घरात पाहुणे आले म्हणून कुटुंब वाढले असे म्हणण्यासारखे आहे.

नवा मॉल जुन्याचे ग्राहकही ओढतो. हिंजवडी आणि वाकड भागातील माझ्यासारखी माणसे पूर्वी मोठ्या खरेदीसाठी शहर ओलांडून विमाननगरला जात असत. आता जाण्याचे काही कारण उरलेले नाही. शहराची एकूण विक्री वाढली तरी त्यातल्या प्रत्येक मॉलची वाढेलच असे नाही, आणि साखळी दुकानाने दोन्हीकडे शाखा उघडल्या असतील तर त्यांच्या लाइक टू लाइक आकड्यात पुणे आजारी दिसेल.

जाता जाता एक शंका. तुमच्या तक्त्यात इंदूर कुठे असते? आपण मनाने ते आपलेच मानतो, पण काही कंपन्या ते पश्चिमेत धरतात, काही उत्तरेत आणि काही मध्य भारत असा पाचवा रकाना करतात. मोठा नवा मॉल ज्या रकान्यात पडेल, त्या रकान्याचा आकडा वर जाणार.

संत्रानगरी

मला या संपूर्ण धाग्याच्या गृहीतकावरच आक्षेप आहे. पश्चिम म्हणून तुम्ही ज्याची चर्चा करत आहात, ती प्रत्यक्षात मुंबई, पुणे आणि अहमदाबाद एवढीच आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश यांचा त्या आकड्यांत जवळजवळ मागमूस नाही, आणि तो का नाही याचे कारण सरळ आहे.

मॉल दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात संपूर्ण इमारत एका मालकाकडे राहते आणि दुकाने भाड्याने दिली जातात. करारात किमान हमी भाडे असते, ज्याला सगळे एमजी म्हणतात, आणि विक्रीचा ठरावीक टक्के वाटा त्या रकमेपेक्षा जास्त झाला तर तो द्यावा लागतो. मालकाचे उत्पन्न दुकानाच्या विक्रीशी बांधलेले असल्यामुळे प्रत्येक दुकानाची रोजची विक्री त्याला कळवली जाते. मॉलच्या विक्रीचे आकडे म्हणून जे काही प्रसिद्ध होते, ते याच व्यवस्थेतून येते. दुसऱ्या प्रकारात बांधकाम व्यावसायिकाने गाळे वेगवेगळ्या गुंतवणूकदारांना विकून टाकलेले असतात. तेथे कोणी डॉक्टर, कोणी निवृत्त अधिकारी असा गाळ्याचा मालक असतो. तो ज्याच्याकडून भाडे जास्त मिळेल त्याला गाळा देतो, मग शेजारी कपड्यांचे दुकान असो वा शिकवणी वर्ग. अशा इमारतीत कोणते दुकान कुठे असावे हे ठरवणारे कोणी नसते, वातानुकूलनाचा खर्च कोणी उचलायचा यावरून वाद होतात, मोठ्या ब्रँडचे दुकान निघून जाते आणि वरचे मजले हळूहळू अंधारात जातात. आणि येथे एकूण विक्री किती झाली हे कोणालाही ठाऊक नसते, कारण कोणी कोणाला कळवण्याचा प्रश्नच येत नाही.

पहिल्या पिढीत, म्हणजे साधारण २००५ ते २०१२ या काळात, मध्यम शहरांत अशा विकलेल्या मॉलचे पीक आले. मी स्वतः नागपुरात अशा एका मॉलमध्ये सहा वर्षे चपलांचे दुकान चालवले. आमच्या मजल्यावरचे सरकते जिने बंद पडले ते दुरुस्त करण्यासाठी वर्गणी काढावी लागली होती आणि तीही पूर्ण जमली नाही. मी तेथून बाहेर पडून सीताबर्डीत रस्त्यावरचा गाळा घेतला आणि माझी विक्री वाढली. ती वाढ तुमच्या कोणत्या रकान्यात आली? कोणत्याच नाही. मॉलमधली घट मोजली गेली नाही आणि रस्त्यावरची वाढही मोजली गेली नाही.

म्हणून विदर्भाचा ग्राहक खर्च करत नाही असे कोणी अहवाल दाखवून म्हणाले की मला राग येतो. छत्रपती संभाजीनगरात २०१० पासून प्रोझोनसारखा मॉल आहे आणि नाशिकला सिटी सेंटर मॉल आहे; पण एखाददुसऱ्या मॉलवरून संपूर्ण प्रदेशाचे अनुमान काढता येत नाही. लखनऊमध्ये गेल्या काही वर्षांत फिनिक्स आणि लुलू अशा दोघांनी एका मालकीचे भव्य मॉल उभारले, म्हणून उत्तर प्रदेशाचा ग्राहक एकाएकी आकड्यांत दिसू लागला. तो आधीही होताच, अमीनाबादच्या जुन्या बाजारात खरेदी करत होता.

खतावणी (ठाणे)

संत्रानगरी यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आकड्यांत नसलेल्या माणसाचा विचार मी केला नव्हता, हे मान्य करतो.

या आठवड्यात मी मागचे तक्ते पुन्हा मांडून पाहिले. महिन्यामहिन्याची तुलना सोडून ऑगस्ट ते नोव्हेंबर हा चार महिन्यांचा एकच गट धरला, कारण ओणम, गणपती, पूजा, दसरा आणि दिवाळी यांतले काहीही कुठेही सरकले तरी या गटाच्या बाहेर पडत नाही. फक्त दोन्ही वर्षे चालू असलेली दुकानेच घेतली. आमच्यापुरते सांगायचे तर प्रांतांमधील अंतर बरेच आकसले. नाहीसे मात्र झाले नाही.

दोन गोष्टी आणखी दिसल्या. पहिली म्हणजे टाळेबंदीचा पाया, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करायची तेच करोनाच्या टाळेबंदीत गेलेले असणे. देशभर ८ जून २०२० पासून मॉल उघडण्यास मुभा मिळाली, पण महाराष्ट्रात ते ५ ऑगस्टला उघडले आणि चित्रपटगृहे नोव्हेंबरमध्ये. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झालेले मॉल १५ ऑगस्ट २०२१ ला उघडले, तेही लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी, आणि चित्रपटगृहांना २२ ऑक्टोबरची वाट पाहावी लागली. दिल्लीत मॉल ७ जूनलाच सुरू झाले होते. त्यामुळे २०२२ च्या उन्हाळ्यात पश्चिमेची वाढ डोळे दिपवणारी दिसली, आणि पुढच्या वर्षी त्या भरलेल्या पायावर ती मंद दिसली. आमच्या बैठकीत पहिल्या वर्षी मिळालेली शाबासकी आणि दुसऱ्या वर्षी मिळालेली बोलणी, दोन्ही सारख्याच अनाठायी होत्या.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. समजा, मुंबईतल्या एका मॉलमध्ये दर चौरस फुटामागे महिन्याला ३,००० रुपयांची विक्री होते आणि ती ८ टक्क्यांनी वाढली, तर वाढ २४० रुपयांची झाली. दुसऱ्या एखाद्या शहरात १,२०० रुपयांची विक्री १५ टक्क्यांनी वाढली, तर वाढ १८० रुपयांची झाली. तक्त्यात दुसरे शहर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धावताना दिसते. गल्ल्यात मात्र मुंबईने जास्त पैसे टाकलेले असतात. ज्या जागेत कोणताही गाळा रिकामा नाही आणि प्रत्येक फूट आधीच राबतो आहे, तिथे टक्केवारी कमीच दिसणार.

नागोयावासी

जपानमध्ये शॉपिंग सेंटरांची राष्ट्रीय संघटना दर महिन्याला विक्रीचे आकडे प्रसिद्ध करते. होक्काइदोपासून क्यूशूपर्यंत प्रदेशवार वाढ त्यात असते आणि तुलना चालू असलेल्या केंद्रांपुरतीच मर्यादित असते. शहराच्या मध्यभागातील केंद्रे आणि बाहेरची केंद्रे यांचे आकडेही वेगळे दिले जातात, तसेच मुख्य मोठे दुकान आणि इतर भाडेकरू यांचेही. निवेदनात शनिवार-रविवार किती होते आणि हवामान कसे होते याचाही उल्लेख असतो. २०२३ आणि २०२४ मध्ये येन घसरल्यामुळे परदेशी पर्यटकांची खरेदी वाढली आणि तिचा लाभ तोक्यो-ओसाका पट्ट्यातील मध्यवर्ती केंद्रांना इतरांपेक्षा जास्त झाला. ग्रामीण भागाशी त्यांची तुलना करताना तो घटक लक्षात घ्यावा लागतो.

शनिवार-रविवारांचा मुद्दा भारतालाही लागू आहे. जून २०२३ मध्ये असे आठ दिवस होते आणि जून २०२४ मध्ये दहा.

वेंबनाड (कोची)

दक्षिण हा एक रकाना धरणेही तितकेच चुकीचे आहे, हे सांगायचे राहून गेले होते. २०२० मध्ये केरळ आणि कर्नाटकात मॉल जूनमध्ये उघडले, तमिळनाडूत १ सप्टेंबरला. तमिळनाडूत आडी महिना लग्नकार्यांना वर्ज्य, म्हणून व्यापाऱ्यांनी त्याच महिन्यात सवलतींचा आडी सेल रूढ केला आणि मंदीच्या दिवसांची तेजी करून टाकली. केरळात साधारण तेच दिवस कर्किडकमचे, आणि आमची दुकाने तेव्हा ओणमच्या मालाची वाट पाहत बसलेली असतात. चेन्नईचा जुलै आणि कोचीचा जुलै यांची सरासरी काढून दक्षिणेचा जुलै तयार होतो, जो प्रत्यक्षात कुठेच अस्तित्वात नसतो.

खतावणी (ठाणे)

नागोयावासी यांच्या प्रतिसादावरून मी पुढील महिन्याच्या तक्त्यात शनिवार-रविवारांची संख्या लिहिण्यासाठी एक ओळ वाढवली आहे. सणांच्या तारखांसाठी दुसरी. पश्चिम हा रकाना फोडून मुंबई महानगर, पुणे, अहमदाबाद आणि उर्वरित असे चार भाग केले आहेत, आणि इंदूर वरिष्ठांचा निर्णय होईपर्यंत तळटीपेत आहे. नागपूरला आमचे एकच दुकान असल्यामुळे ते उर्वरितमध्ये गेले आहे. त्याबद्दल संत्रानगरी यांची आगाऊ क्षमा मागतो.

संत्रानगरी

क्षमा स्थगित ठेवतो. ते एक दुकान मॉलमध्ये आहे की रस्त्यावर, हे आधी सांगा.

खतावणी (ठाणे)

मॉलमध्ये होते. गेल्या दिवाळीनंतर धरमपेठेत रस्त्यावर हलवले. तक्त्यात ते सध्या बंद झालेले दुकान म्हणून दाखवले जाते. आपला प्रश्न वाचेपर्यंत हे माझ्या ध्यानात आले नव्हते.